सातव्या आकड्याला डावा डोळा

मला रडायला सात आकडे लागतात. एकला श्वास आत, दोनला खांदे खाली, तीनला आवंढा, चारला नजर जमिनीवर, पाचला पापणी न हलवता थांबायचं, सहाला ओठ जरासे उघडायचे आणि सातला डाव्या डोळ्यातून पाणी. एकच थेंब. डाव्याच का, तर मी स्टेजवर उभाच असा राहतो की प्रेक्षकांना माझी डावी बाजू दिसते. उजवा डोळा कोणाला दिसणारच नसेल तर त्याला उगाच कशाला कामाला लावायचं?

ही बढाई नाही. म्हणजे थोडी आहे, पण खरी आहे. मी सातपूरला एका कंपनीच्या टूलरूममध्ये चौतीस वर्षं ग्राइंडिंग मशीनवर काढली. डोक्याचा एक केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, आणि माझ्या कामात पाच मायक्रॉन इकडचे तिकडे झाले तरी जॉब भंगारात जातो. असा माणूस नाटकात गेला तर काय करणार? मोजणारच. तीन पावलं म्हणजे तीन. दोन सेकंद थांबायचं म्हणजे दोन. वाक्य असं टाकायचं की शेवटच्या रांगेतल्या अर्धवट बहिऱ्यालाही शेजाऱ्याला ‘काय म्हणाला?’ असं विचारावं लागू नये. कंपनीत मला सगळे नाना म्हणतात, आणि नाना स्टेजवर चुकला असं आजवर कोणी म्हटलेलं नाही.

कामगारांची एकांकिका स्पर्धा दर हिवाळ्यात होते. एकतीस वर्षं मी तिच्यात उतरलो आणि माझ्याकडे उत्तेजनार्थची नऊ प्रमाणपत्रं आहेत. उत्तेजनार्थ म्हणजे काय, तर ‘आलात, बरं वाटलं’. अभिनयाचं रौप्यपदक एकदाही नाही. स्पर्धा झाली की परीक्षकांच्या शेऱ्यांचा कागद मिळतो. माझ्या नावापुढे दरवर्षी तेच: ‘अभिनय तंत्रशुद्ध, पण आतून येत नाही.’ परीक्षक बदलले, हस्ताक्षर बदललं, तो ‘पण’ काही हलला नाही. आतून म्हणजे नेमकं कुठून, हे एकाही शहाण्यानं लिहिलं नाही. ड्रॉइंगवर माप द्यायचं नाही आणि वर जॉब चुकला म्हणून ओरडायचं, असला हा प्रकार.

आणि गेल्या हिवाळ्याची स्पर्धा माझी शेवटची होती. मे महिन्यात मी रिटायर होणार होतो, आणि जो कंपनीच्या मस्टरवर नाही त्याला या स्पर्धेत उतरता येत नाही. म्हणजे पदक मिळालं तर तेव्हाच, नाही तर मग वरती गेल्यावर. मला ते पदक हवं होतं. मी काही साधुसंत नाही, उगाच खोटं कशाला बोलू.

त्या वर्षी नाटक बसवत होता आल्हाद. डिझाइन सेक्शनचा इंजिनिअर, वय चौतीस, दाढी राखलेली, खादीच्या कुडत्याखाली सेफ्टी शूज. त्यानं एकांकिका स्वतःच लिहिली होती. गोष्ट साधी. एका म्हाताऱ्याची बायको दवाखान्यात आहे. ती आज घरी येणार म्हणून त्यानं जन्मात पहिल्यांदा तिच्यासाठी पोहे करायला घेतलेत. कांदा हातात घेतो तेवढ्यात फोन येतो की ती गेली. म्हातारा फोन ठेवतो आणि परत येऊन कांदा चिरत बसतो. चार मिनिटं एक शब्द नाही. मग शेजारी दारात येतो, ‘दादा, गाडी आली’ एवढंच म्हणतो, आणि पडदा.

वाचन ऐकलं तेव्हाच मी मनात तो कांदा चिरून टाकला होता. वय माझं, केस माझे, रडणं तर पेटंटच माझं. ही भूमिका मला नाही तर कोणाला? आल्हादनं ती दिली पॅकिंगच्या पुंजाला.

हा पुंजा अहिरे सटाण्याकडचा. वय एकोणतीस, नाव तेवढं आजोबांचं. आयुष्यात स्टेजवर चढला नव्हता. कॅन्टीनमध्ये जेवताना तो गावाकडचं काहीबाही सांगायचा आणि ऐकणाऱ्यांचा घास हातातच राहायचा, ते आल्हादनं पाहिलं होतं. ‘नाना, याच्यात काहीतरी आहे,’ असं मला सांगितलं. मला दिला शेजारी. तीन शब्दांचा. वर गोड बोलून सामानाची जबाबदारीही गळ्यात मारली: सुरी, पाट, कांदे, कढई. एकतीस वर्षांची सेवा आणि शेवटी कांदे आणायचं काम. नाकाला मिरच्या झोंबणं काय असतं ते त्या दिवशी कळलं.

पहिल्या शिफ्टनंतर साडेतीन वाजता कॅन्टीनमध्ये तालीम असायची. पहिल्याच दिवशी पुंजानं फोन ठेवला, कांदा उचलला आणि असा हंबरडा फोडला की कॅन्टीनच्या नवसाबाई चहाचं पातेलं तसंच ठेवून बाहेर आल्या. सगळे डोळे पुसत होते. कांद्यामुळे नव्हे, कारण कांदा चिरायच्या आधीच याचं सुरू झालेलं. पुंजा स्वतः सांगायचा, ‘नाना, कांदा माले लागस नही.’ पोर कांद्याच्या चाळीत वाढलेलं, त्याला कांदा काय झोंबणार.

पण एक गोची होती. दुसऱ्या दिवशी तो अर्ध्या मिनिटात रडला. तिसऱ्या दिवशी नऊ मिनिटं रडतच राहिला. चौथ्या दिवशी प्रेक्षकांकडे पाठ करून रडला. नाटक पंचेचाळीस मिनिटांच्या वर गेलं की स्पर्धेतून बाद, असा नियम आहे. आल्हाद घड्याळ बघून घामाघूम व्हायला लागला. शेवटी मला बाजूला घेऊन म्हणाला की नाना, याला थोडं तंत्र शिकवा, फक्त थोडं. आणि पुढे म्हणाला की नाहीच जमलं त्याला, तर तुम्ही आहातच.

तुम्ही आहातच. हे दोन शब्द मी घरी जाईपर्यंत स्कूटरवर घोळवत होतो.

आता मी काय केलं ते सांगतो, आणि नीट सांगतो, कारण लोकांनी नंतर माझ्या नावावर भलत्याच पुण्याईच्या गोष्टी जमा केल्यात. सायकल झोकात चालवणाऱ्याला मध्येच विचारा, बाबा रे, तू तोल नेमका कसा सांभाळतोस? पडलाच तो. मी ठरवलं, पुंजाला थोडं नाही, भरपूर तंत्र शिकवायचं. इतकं की त्याला नुसतं उभं राहताना आपले पाय कुठे आहेत ते आठवावं लागेल.

दुसऱ्या दिवशी खडू घेऊन गेलो. फरशीवर खुणा केल्या. फोनपासून पाटापर्यंत पाच पावलं, डाव्या पायानं सुरुवात. बसताना आधी उजवा गुडघा. कांदा डाव्या हातात, मूठ नाही, बोटं. मग सात आकडे शिकवले. पोरगं इतकं गुणी की प्रत्येक गोष्ट वहीत लिहून घेतली. मला गुरुजी म्हणायला लागला. सटाण्याहून येताना माझ्यासाठी गोणीभर कांदे घेऊन आला. इंदिरा, म्हणजे माझी बायको, म्हणाली, एवढा जीव लावतोय तो तुम्हाला. मी म्हटलं, हो ना.

पाच दिवसांत पुंजाचं लाकूड झालं. पावलं बरोबर पाच, गुडघा उजवा, कांदा बोटांत, आणि चेहरा एसटीच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाचा. ओठ पुटपुटायचे: एक, दोन, तीन. सातला काही म्हणजे काही यायचं नाही. तो घाबरून माझ्याकडे बघायचा आणि मी मान हलवून म्हणायचो, अजून मेहनत घे. आल्हादनं दाढी उपटायची तेवढी बाकी ठेवली. ‘अरे पहिल्यासारखं कर,’ असं तो सांगायचा. पुंजा म्हणायचा, साहेब, पहिल्यासारखं आता येतच नाय.

स्पर्धेच्या चार दिवस आधी आल्हादनं भूमिका मला दिली. पुंजा झाला शेजारी. मला वाटलं होतं तो तोंड पाडेल. उलट त्यानं माझ्या पायाला हात लावला आणि म्हणाला, बरं झालं नाना, माझ्यामुळं सगळ्यांचं नाटक बुडत होतं. मला क्षणभर कसंतरीच झालं, पण क्षणभरच.

त्याच संध्याकाळी मी तालीम केली. चार मिनिटं म्हणजे चार मिनिटं, घड्याळ लावून बघा. सातला डाव्या डोळ्यातून थेंब आला, गालावर मधोमध थांबला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पातेलं घेऊन उभ्या असलेल्या नवसाबाईंना मी मुद्दाम विचारलं, कसं वाटलं? त्यांनी पाटाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, ‘छान झालं नाना. कांदा लय बारीक चिरला तुम्ही.’

मी रागारागानं घरी आलो आणि इंदिराला ते सांगितलं. ती हसत सुटली. इंदिरा तीस वर्षं माझं प्रत्येक नाटक तिसऱ्या रांगेत बसून बघते, आणि माझे सात आकडे तिला माझ्यापेक्षा चांगले पाठ आहेत. तिच्या धाकट्या बहिणीच्या पाठवणीला मी असाच रडलो होतो, तेव्हा ही मागे उभी राहून माझ्या कानात हळूच म्हणत होती, पाच, सहा, सात. तिचं एकच म्हणणं असतं की तुम्ही नाकानं कांदे सोलता. आता तर खरेच कांदे होते, त्यामुळे तिला आणखी जोर चढला.

म्हटलं, ठीक आहे. चिरणंच दिसतंय ना लोकांना, तर असं चिरू की बघत राहाल. नाटकातली सुरी बोथट होती. स्टोअरच्या उज्वलानं घरून आणलेली, तिनं पेरूसुद्धा कापला गेला नसता. बोथट हत्यार हातात घेणं हे माझ्या धंद्यात पाप आहे. दुपारच्या सुट्टीत मी ती सुरी टूलरूममध्ये नेली आणि ग्राइंडिंग मशीनवर अशी धार लावली की वर्तमानपत्राचा कागद हवेत धरून नुसता टेकवला तरी दोन तुकडे. धार लावून झाल्यावर मी ती सुरी उजेडात धरून बराच वेळ बघत बसलो. इतकं सुंदर काम बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं.

स्पर्धेचा दिवस. शालिमारचं नाट्यगृह, आमचा प्रयोग दुपारी तीनला. सव्वादोनला मी रंगवून तयार. पांढरा झब्बा, गळ्यात मफलर. वेळ होता, म्हणून मेकअपच्या खोलीत पाट मांडून शेवटची एक तालीम घेतली. कांदा घेतला, मोजायला लागलो. एकला श्वास. दोनला खांदे. तीनला आवंढा. चारला नजर जमिनीवर.

चारला नजर जमिनीवर आणि हात मात्र चिरतोय.

बोथट सुरीनं पन्नास वेळा तालीम केली तेव्हा काही झालं नाही. आता ती माझ्या हातची धार होती. डाव्या हाताची दोन बोटं अशी कापली गेली की मला आधी कळलंच नाही, इतकी धार उत्तम. रक्त झब्ब्यावर आलं तेव्हा कळलं. यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण. उज्वलानं पट्ट्यांवर पट्ट्या बांधल्या, बोटांचा भोपळा झाला, तरी रक्त झिरपतच होतं. या हातात कांदा कसला धरतोय. आल्हाद पांढराफटक पडला. मग त्यानं पुंजाकडे पाहिलं.

पंधरा मिनिटांत कपडे बदलले. माझा मफलर पुंजाच्या गळ्यात गेला. मी शेजारी झालो, भोपळा शालीत लपवला. स्टेजवर जायच्या आधी पुंजा माझ्याकडे आला. ‘नाना, मोजू का?’

इथे मी त्याला सांगू शकत होतो की नको मोजू रे, विसर ते सगळं, पहिल्या दिवशीसारखा रड. ते माझ्या तोंडाशी आलं होतं. पण पदक गेलं होतं, बोटं ठणकत होती, आणि माझ्या मनात एकच होतं की मला नाही तर कोणालाच नाही.

‘मोज,’ मी म्हटलं. ‘एकही आकडा सोडू नको.’

माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात हलकट सल्ला, असं मला तेव्हा वाटलं होतं.

मी विंगेत उभा राहिलो, तीन हातांवर. पुंजानं पहिला अर्धा तास नेटानं काढला, पावलं सगळी मोजलेली. मग फोन आला. त्यानं ठेवला. पाच पावलं, डाव्या पायानं. आधी उजवा गुडघा. कांदा बोटांत. ओठ हलायला लागले. एक, दोन, तीन. मी मनात म्हटलं, झालं, आलं लाकूड. चारला त्यानं नजर खाली नेली नाही, एवढी चूक केली. मी सुरीची धार सांगून ठेवली होती, म्हणून असेल. सातला काही आलं नाही. डोळे कोरडे ठणठणीत.

मग त्यानं पुन्हा एकपासून सुरू केलं.

तालमीत असं कधी झालं नव्हतं. तालमीत तो सातला माझ्याकडे बघायचा. आज त्यानं बघितलं नाही. तो मोजतोय आणि चिरतोय. एका आकड्याला एक काप. आवाज आता ऐकू यायला लागला होता, अगदी हळू, पण शेवटच्या रांगेपर्यंत. सातला पोहोचला की परत एक. एकदा पाचवर थांबला, हनुवटी जराशी हलली, आणि घाईघाईनं सहा म्हणाला. जसा जिना उतरताना पाय घसरलेला माणूस कठड्याला धरतो, तसा त्यानं तो सहा धरला. मला कळलं की हा रडण्यासाठी मोजत नाहीये. मोजणं थांबलं तर काय होईल याची त्याला भीती वाटतेय, म्हणून मोजतोय.

कांदा संपला. त्यानं दुसरा घेतला. दोघांच्या पोह्यांना एक कांदा पुरतो, आणि हा म्हातारा दुसरा घेतोय, का तर मोजायला काहीतरी पाहिजे. हे आल्हादनं लिहिलेलं नव्हतं. मी शिकवलेलंही नव्हतं.

माझी एंट्री आली. मी आत गेलो. तीन पावलं ठरली होती, किती टाकली कोण जाणे. दारात उभा राहिलो आणि पुंजानं वर बघितलं. कोरडे डोळे, तोंडात अर्धा आकडा. मला म्हणायचं होतं, ‘दादा, गाडी आली.’ एकतीस वर्षांत एक शब्द न विसरलेला माणूस मी. घशातून काही निघेना. डोळ्यांपुढे सगळं पाणी झालं, नाक गळायला लागलं, खांदे आपोआप हलायला लागले, आणि मी त्या दारात उभा राहून, तीन शब्दांसाठी आलेला शेजारी, भोकाड पसरून रडलो. मी मोजलं नव्हतं. एकसुद्धा म्हटलं नव्हतं.

पुंजा माझ्याकडे बघत राहिला. मग सुरी पाटावर ठेवली, हात झब्ब्याला पुसले आणि शांतपणे म्हणाला, ‘गाडी आली ना? चला.’ माझं वाक्य त्यानंच म्हटलं. पडदा पडला. घड्याळात चव्वेचाळीस मिनिटं.

बाहेर टपरीवर चहा घेताना मी त्याला धरलं. म्हटलं, खरं सांग, ते दुसरा कांदा आणि परत परत मोजणं, हे कुठून आणलंस? तो कपाकडे बघत बोलला.

‘नाना, मागल्या साली माझी आई गेली. फोन आला तवा मी लाइनीवर होतो, पेट्या भरत. कोणाला सांगितलं नाय. उरलेल्या बावीस पेट्या भरल्या, एक, दोन, तीन करत. सांगितलं असतं तर तिथंच बसलो असतो, उठलोच नसतो. बावीस झाल्या आणि मग सुट्टी मागितली.’ कप खाली ठेवून म्हणाला, ‘तालमीत रडायचो ना, ते लोकांना आवडायचं म्हणून रडायचो. माणसं असं रडत्यात, ते बघितलेलं होतं. मी तसा रडलोच नव्हतो. तुम्ही मोजायला लावलं, मला ते जमत नव्हतं. आज एकदम आठवलं, अरे, हे तर मला येतंय.’

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं लोक कपाळाला हात लावून म्हणतात. माझं उलटं झालं होतं. मी बुडवायला म्हणून जो दगड त्याच्या गळ्यात बांधला, त्यालाच धरून तो पोहून गेला. मी त्याला खरं सांगितलं. सगळं, खडूपासून हलकट सल्ल्यापर्यंत. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ते मला माहीत होतं नाना, नवसाबाई पहिल्याच आठवड्यात बोलल्या होत्या. मग शिकलास कशाला? तर म्हणे, शिकवणारा वाईट मनानं शिकवत असला तरी शिकवत तर खरंच होता ना.

आठ दिवसांनी निकाल लागला. अभिनयाचं रौप्यपदक पुंजा अहिरे. शेऱ्यांचा कागद कॅन्टीनच्या फळ्यावर लावला होता. पुंजाच्या नावापुढे लिहिलं होतं: ‘अत्यंत तंत्रशुद्ध अभिनय.’ आणि पूर्णविराम. मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. ‘पण’ नव्हता. एकतीस वर्षं मी ज्या शब्दाच्या पुढे जाऊ शकलो नाही, तिथं या पोरानं पूर्णविराम आणून ठेवला.

त्याच कागदावर खाली, बारीक अक्षरात: ‘शेजाऱ्याची भूमिका करणाऱ्या नटाचे रडणे ओढूनताणून आणलेले व कृत्रिम वाटते. संवादही विसरले.’

मी तो कागद काढून खिशात घातला आणि घरी आलो. इंदिरा कांदा चिरत होती, पुंजाच्या गोणीतला. मी कागद तिच्यापुढे टाकला आणि म्हटलं, वाच, म्हणजे तुलाही समाधान. जन्मभर मोजून रडलो तेव्हा कोणी खोटं म्हटलं नाही, आतून येत नाही एवढंच म्हटलं. एकदा न मोजता रडलो तर थेट कृत्रिम. पदक गेलं ते गेलं, नोकरी चालली, आणि जाताना हे सर्टिफिकेट. बोलता बोलता माझा आवाज चढला होता.

तिनं हात पुसून कागद वाचला. मला वाटलं आता हसेल. हसली नाही.

‘मी तिसऱ्या रांगेत होते,’ ती म्हणाली. ‘तुम्ही दारात आलात तेव्हा सवयीनं मोजायला लागले. एक म्हटलं, आणि दोनच्या आतच तुमचं सुरू. उजव्या डोळ्यातून आधी.’ तिनं कागदाची नीट घडी केली. ‘माझ्या बहिणीच्या पाठवणीला नाही, तुमच्या आईच्या वेळी नाही. परीक्षकाला काय कळतंय? त्यानं तुम्हाला एकदाच बघितलं.’

मग तिनं मला पाट, सुरी आणि एक कांदा दिला आणि म्हणाली, पोहे टाकतेय, बारीक चिरा. मी चिरायला बसलो. सुरी बोथट होती, मी काही बोललो नाही. पलीकडे ती पोहे भिजवत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. मला रडू आलं की कांदा लागला, ते तिनं विचारलं नाही, आणि मीही मोजलं नाही.